फळ चावून खा, पिऊ नका

पोटाची सोनोग्राफी होते, अहवालात ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते आणि घर चिंतेत पडते. ‘अहो, पण हे तर दारूला शिवतही नाहीत!’ असे गृहिणी म्हणते. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही चरबी साठते. पोटाचा वाढता घेर, मधुमेह, बैठे काम, गोडधोड ही त्याची नेहमीची कारणे. बहुधा काही दुखत नाही, त्यामुळे पत्ताच लागत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचाही समावेश केला.

मग दुसऱ्या दिवसापासून मिक्सर सुरू होतो. सकाळी उपाशीपोटी पेलाभर मोसंबीचा रस! फसगत होते ती इथेच. एका पेल्याला तीन-चार मोसंबी सहज लागतात. तीच सोलून खायला बसलात तर दोनातच पोट भरेल. गाळताना टाकून दिलेला चोथा साखरेला रक्तात सावकाश जाऊ देतो. रसातली साखर मात्र झटकन शोषली जाते. तिच्यातील फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर पडतो आणि ते गरजेपेक्षा जास्त झाले की यकृत त्याची चरबी करते. शीतपेयांचेही तेच.

आपला पेरू घ्या. १०० ग्रॅममध्ये निदान ५ ग्रॅम तंतू आणि उष्मांक सत्तरच्या आत! पपई, संत्रे, सालासकट सफरचंद हीही उत्तम. आमरस-पुरीला मात्र कृपा करून फलाहार म्हणू नका.

फळ नेहमीच्या खाण्यात भर म्हणून खाल्ले तर वजन उतरणार नाही. दुपारच्या चहाबरोबरचे फरसाण, बिस्किटे यांच्या जागी ते यायला हवे. जोडीला रोजचे चालणेही हवेच. ८० किलोच्या माणसाचे चार किलो वजन घटले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. सहा ते आठ किलो घटल्यास सूजही उतरू शकते. पण नुसत्या फळांवर राहून महिन्याभरात बारीक होण्याचा हट्ट नको. वजन फार झपाट्याने उतरले तर यकृताला उलट त्रास होऊ शकतो.

मधुमेहींनी आंबा, चिकू, द्राक्षे बेतानेच खावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कोणती फळे चालतील ते डॉक्टरांना विचारावे. आणि दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी रस काढण्याऐवजी पिकली पपई कुस्करून द्यावी, सफरचंद किसून किंवा वाफवून द्यावे.