विश्वविजेता पहिल्या शर्यतीला का नव्हता? दुचाकीवरून पडल्यावर हे लक्षात ठेवा

२ मार्च २०२५ रोजी थायलंडमधील बुरिराम येथे मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेची नव्या हंगामातील पहिली शर्यत झाली. स्पेनचा मार्क मार्केझ जिंकला. पण २०२४ चा विश्वविजेता होर्हे मार्टिन मैदानात नव्हता. फेब्रुवारीत मलेशियातील चाचणीत पडून त्याच्या हाताला व पायाला फ्रॅक्चर झाले होते. त्यातून सावरत असताना, शर्यतीच्या काही दिवस आधी, तो सरावात पुन्हा पडला आणि मनगट मोडले.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाने या बातमीतून काय घ्यावे? एवढेच, की पडल्यानंतर गाडी पुन्हा कधी चालवायची हे तिथे चालक एकटा ठरवत नाही. डॉक्टर तपासतात आणि परवानगी देतात. आपल्याकडे माणूस पडतो, कपडे झटकतो, "काही नाही झालं" म्हणतो आणि किक मारून निघतो.

"काही नाही झालं" धोक्याचे का?

हाड मोडले की दुखते, म्हणून ते कळते. मेंदूला लागलेला मार मात्र लगेच कळेलच असे नाही. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल, तर माणूस सुरुवातीला नीट बोलतो, चहाही पितो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो.

मार्केझचेच उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये इंडोनेशियात शर्यतीपूर्वीच्या सरावात तो जोरात आपटला. मेंदूला हादरा बसल्यामुळे डॉक्टरांनी त्याला त्या दिवशीच्या शर्यतीत उतरू दिले नाही. घरी परतताना त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या.

ट्रॅक आणि आपला रस्ता

शर्यतीत चालकाच्या पोशाखात एअरबॅग सक्तीची असते. पहिल्या फेरीत डॉक्टरांची गाडी मागोमाग धावते. आपल्या रस्त्यावर रात्री पुढे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते आणि दवाखाना कित्येक किलोमीटर लांब. म्हणून हेल्मेटची गरज आपल्याला शर्यतवाल्यांपेक्षा कमी नाही. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. हेल्मेट आयएसआय खुणेचे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. मागे बसणाऱ्यालाही ते हवेच.

अपघात झाल्यावर

- १०८ वर फोन करा.
- जखमीला ओढून उठवू नका, पाणी पाजू नका. मानेला इजा असू शकते.
- श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तरच, एकाने डोके व मान स्थिर धरून दुसऱ्याने ते सावकाश काढावे.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.
- पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मदत टाळू नका. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

पुढचे २४ तास

डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकटे सोडू नका. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट येणे, हातापायात अशक्तपणा, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, अंधुक किंवा दोन-दोन दिसणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्या. केजहून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते, आष्टीहून अहिल्यानगर. आपल्या गावाहून कुठे जायचे, हे घरात आधीच ठरवून ठेवा. जखमी दारू प्यायलेला असेल तर "नशेत झोपलाय" असे समजून गाफील राहू नका. थोडा वेळही शुद्ध हरपली असेल, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर लक्षण नसले तरी तपासून घ्या.

आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली घरच्यांनी आपल्याजवळ ठेवावी. पहिली शर्यत चुकली तरी मार्टिनचा पुढचा हंगाम बाकी होता. तुमचीही सुगी, लग्नसराई, कामावरची हजेरी आठ दिवस थांबू शकते.