टायर फुटला, एवढं लिहून आपण थांबतो

मागच्या महिन्यात समृद्धीवर आपल्या तालुक्यातल्या चार मुलांची स्विफ्ट उलटली. चौघंही वाचले. चालवणारा अजून पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडून आहे. बातमी मीच दिली होती. शीर्षक नेहमीचंच, 'टायर फुटल्याने कार उलटली, चौघे जखमी'. डेस्कने एक शब्द बदलला नाही, कारण बदलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. अशी बातमी मी गेल्या वीस वर्षांत किती वेळा लिहिली, ते आता मोजायचीही लाज वाटते.

चार दिवसांनी वेगळ्या कामासाठी पोलीस ठाण्यात गेलो, तर ती गाडी आवारात उभी. सहज जवळ गेलो. पुढचा डावा टायर चिंध्या होऊन रिमवर लोंबत होता. बाकीचे तीन शाबूत होते. त्यांच्या बाजूवर आकडा होता २०५/४५ आर १६. चालकाच्या बाजूचं दार उघडं होतं. दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर लिहिलं होतं १८५/६५ आर १५.

म्हणजे कंपनीने दिलेले टायर त्या गाडीवर नव्हतेच. रुंद मॅगव्हील आणि त्यावर चपटे रुंद टायर, स्पोर्ट्स कारसारखा लूक. पंचनाम्यात त्याचा एक अक्षर उल्लेख नाही. माझ्या बातमीत तर नाहीच नाही.

आधीच सांगतो, टायर रुंद होता म्हणूनच फुटला, असं माझं म्हणणं नाही. ते सांगायला फुटलेला टायर नीट तपासावा लागतो. तो कुणी तपासलाच नाही, हा माझा मुद्दा आहे.

आता हे आकडे काय सांगतात ते बघू. अवघड काही नाही, सातवीचं गणित आहे.

१८५/६५ आर १५ मध्ये १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. यावरून अख्ख्या चाकाचा व्यास निघतो ६२१.५ मिमी. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. त्याचा व्यास काढा, ६१९.६. फरक दोन मिमीसुद्धा नाही. कंपनीने रिम मोठी केली, टायर रुंद केला, पण भिंत तेवढीच कमी करून चाकाची एकूण उंची राखली. रुंद टायर घालायचा तर तो असा घालायचा.

त्या गाडीवरच्या २०५/४५ आर १६ चा व्यास येतो ५९१ मिमी. मूळ चाकापेक्षा जवळजवळ पाच टक्के लहान. उलटी चूकही होते. दुकानात २०५/६५ आर १५ स्वस्तात मिळाला म्हणून कुणी तो बसवतो. व्यास होतो ६४७.५, म्हणजे चार टक्के मोठा. मग मूळ टायरवर काटा १२० दाखवताना गाडी जेवढी पळायची, त्यापेक्षा ती जवळपास पाच किलोमीटर जास्त पळते आणि काटा मात्र १२०वरच. भरल्या गाडीत खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

पण वेगाच्या काट्यापेक्षा महत्त्वाचा आकडा आणखी एक आहे, आणि तो दुकानात कुणीच बघत नाही. साइजच्या पुढे ८८, ९१, ८३ असे दोन अंक आणि एक अक्षर असतं. ते दोन अंक म्हणजे एक टायर किती वजन पेलेल याचा कोड. ८८ म्हणजे ५६० किलो, ८३ म्हणजे ४८७ किलो. पुढचं अक्षर वेगमर्यादेचं. एस असेल तर १८०, एच असेल तर २१०.

आपल्याकडे पक्की समजूत आहे की टायर जितका रुंद तितका दणकट. इथे तर टायर २० मिमीने रुंद झाला आणि वजन पेलायची ताकद एका टायरमागे ७३ किलोने कमी झाली. कारण गाडीचं वजन रबर नाही, आतली हवा पेलते. चपट्या टायरमध्ये हवेला जागाच कमी.

कुणी म्हणेल, ४८७ किलोसुद्धा स्विफ्टला पुरतात की. कागदावर पुरतात, बरोबर. पण ते ४८७ किलो टायरमध्ये पूर्ण ३६ पीएसआय हवा असेल तेव्हाचे. हवा कमी झाली की ताकदही कमी. आता आपला पंपावरचा संवाद आठवा. "किती भरू साहेब?" "भर नेहमीची." ही नेहमीची हवा मूळ टायरच्या हिशोबाची असते, २८-३०. टायर बदलला, हवेचा हिशोब बदललाच नाही. त्यात माणसं चार, डिकीत सामान आणि उन्हाळ्याची दुपार. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, उठतो, भिंत वाकते आणि आतून तापत जाते. मग लोक म्हणतात सिमेंटच्या रस्त्याने टायर फुटला. रस्ता तापतो हे खरं, पण त्याच दिवशी त्याच रस्त्यावरून हजारो गाड्या सुखरूप गेलेल्या असतात.

आणि आपल्या भागाची खास गोष्ट पुढेच आहे. आपल्याला समृद्धी गाठायची तर आधी तालुक्याचा रस्ता पार करावा लागतो. त्या रस्त्याची अवस्था तुम्हाला सांगायला नको. उंच भिंतीचा टायर खड्ड्यात आदळला तर भिंत दबून धक्का खाते. चपट्या टायरला दबायला जागाच नाही. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात रबर चिमटतं आणि आतले धागे तुटतात. कधी बाहेर फुगा दिसतो, कधी काहीच दिसत नाही. तोच टायर घेऊन पोरगा वीस मिनिटांत इंटरचेंजवर चढतो आणि १२० गाठतो. मार तालुक्याच्या रस्त्यावर बसला, फुटला समृद्धीवर. बातमीत नाव समृद्धीचं.

मग स्पोर्ट्स कारला एवढे रुंद टायर चालतात कसे? पोरं मला हेच विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. पॉर्श ९११ कॅरेरा एसचं २०१९ पासूनचं मॉडेल घ्या. पुढे २४५/३५ आर २०, मागे ३०५/३० आर २१. मागचे टायर जास्त रुंद, कारण इंजिन मागे, वजन मागे आणि इंजिनची ताकदही मागच्या चाकांवर. मागची रिम साडेअकरा इंच रुंद. सस्पेन्शन, ब्रेक, चाकाची कमान, सगळं त्या टायरभोवती आखलेलं. शिवाय पॉर्श स्वतः तपासलेल्या टायरवर 'एन' अशी खूण करून घेते. म्हणजे साइज तीच असली तरी कुठलाही टायर चालेल असं ती कंपनीही म्हणत नाही. आपली स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालते. तिला मागे रुंद टायर लावून मिळणार काय? फोटो.

रुंद टायरचे फायदे आहेतच. कोरड्या रस्त्यावर वळणात पकड चांगली मिळते. पण पावसात साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंदापेक्षा लवकर तरंगतो. एवढा पाऊस पडणाऱ्या राज्यात हा तोटा छोटा नाही.

मी हौसेच्या विरोधात नाही. लोन काढून, पोटाला चिमटा घेऊन पोरं गाडी घेतात, ती चारचौघांत उठून दिसावी वाटणं यात गुन्हा काय? माझ्या पुतण्यालाही हवे होते मॅगव्हील. मी त्याला नको म्हटलं नाही, काही गोष्टी बघून घे म्हटलं. त्याच इथे लिहितो.

दाराचं स्टिकर वाच. नव्या चाकाचा एकूण व्यास मूळ व्यासापेक्षा दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त हलता कामा नये. वजनाचा कोड मूळ टायरपेक्षा कमी नको. वेगाचं अक्षरही खालचं नको. टायर रिमच्या रुंदीला बसणारा हवा. १८५/६५ आर १५ ला ५ ते साडेसहा इंचाची रिम चालते, २०५/५५ आर १६ ला साडेपाच ते साडेसात. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायचा नाही. बोल्टची जागा जुळली म्हणजे रिम जुळली असं नाही. रिम बाहेर किती येते, म्हणजे ऑफसेट, तेही बघायचं. स्पेसर घालून चाक बाहेर काढलं की बेअरिंगवर ताण येतो. एका अॅक्सलवर दोन्ही टायर एकाच साइजचे. बसवल्यावर चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून घासतं का ते बघ. शेवटी टायरवरचा चार अंकी आकडा वाच. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मोठ्या शहरातल्या गाड्यांचे उतरवलेले टायर पॉलिश मारून 'नव्यासारखे' म्हणून आपल्याकडे येतात. चमक बघू नको, तारीख बघ.

पुतण्याने हिशोब केला आणि १९५/६० आर १५ घेतले. व्यास ६१५, एक टक्का कमी. कोड ८८, मूळ टायरएवढाच. गाडी छान दिसते. सांगायचं कारण, हौस आणि अक्कल एका गाडीत बसू शकतात.

आता व्यवस्थेबद्दल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलांत बदल करता येणार नाही असं स्पष्ट केलं. कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा आहे. पण तो नाक्यावर काळ्या काचेपुरता आणि सायलेन्सरपुरता आठवतो. समृद्धीवर २०२३ मध्ये टायर तपासणी सुरू झाली, गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवल्या, ते चांगलंच झालं. पण त्या स्विफ्टचे टायर गुळगुळीत नव्हतेच, बाकीच्या तीन टायरची नक्षी अगदी ताजी होती. तपासणीतून ती आरामात सुटली असती.

१ जुलै २०२३ ची सिंदखेडराजाजवळची बस आठवा. २५ माणसं जळून गेली. पहिल्या काही तासांत सगळीकडे एकच कारण फिरलं, टायर फुटला. चालकही तेच सांगत होता. नंतर परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. 'टायर फुटला' हे फार सोयीचं वाक्य आहे. त्यात चालक सुटतो, मालक सुटतो, टायर विकणारा सुटतो, खड्डे ठेवणारा ठेकेदार सुटतो. पत्रकाराची बातमी वेळेत जाते.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे टायर फुटल्याचं सांगितलं जाईल, तिथल्या पंचनाम्यात सगळ्या टायरची साइज, वजनाचा कोड, तारखेचे चार अंक, नक्षीची खोली आणि दारावरच्या स्टिकरची साइज लिहिली जावी. एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात आणि मोबाइलवर फोटो काढायला दोन. पाच वर्षं असं लिहिलं, तर रस्ता किती दोषी, टायर किती आणि आपण किती, हे कळेल. आज कुणालाच माहीत नाही. दुसरं, साइज बदलून टायर बसवणाऱ्या दुकानदाराने बिलावर जुनी आणि नवी साइज लिहून सही करावी. बिलच देत नसेल तर तिथून टायर घेऊ नका.

तिसरी गोष्ट माझ्यापुरती. यापुढे माझ्या बातमीत नुसतं 'टायर फुटल्याने' येणार नाही. कुठला टायर, किती जुना, गाडीला तो चालत होता का, हे विचारल्याशिवाय बातमी पाठवणार नाही. उशीर झाला तर होऊ दे.

त्या जखमी मुलाला भेटून आलो. त्याला म्हटलं, टायरची साइज माहीत होती का? म्हणाला, "काका, दुकानदार म्हणाला बसतंय, मग बसवलं."

उद्या सकाळी गाडी काढण्याआधी दार उघडा आणि स्टिकर वाचा. मग खाली वाकून टायर वाचा. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर मला फोटो पाठवा, बसून हिशोब करू. त्याचे पैसे लागत नाहीत.