दुखतंय, पण कसं दुखतंय?

आपल्या घरांतून काही शब्द गुपचूप निघून चालले आहेत. लहान मुलाला विचारा, काय होतंय? उत्तर येतं, "पेन होतंय." कुठे? ते बोट दाखवतं. कसं होतंय? यावर मात्र ते गप्प. दोष त्याचा नाही. प्रत्येक दुखण्याचं नाव वेगळं असतं, हे आपणच त्याच्या कानावर घातलेलं नाही.

आणि मराठीत ही नावं किती! गळू ठसठसतं. दाढ ठणकते. खरचटलेल्या जागी साबण लागला की चुरचुरतं. मिरच्या चिरल्या की हातांची भगभग होते. घसा खवखवतो. डोळ्यात कण गेला की खुपतो, पायात काटा मोडून राहिला की सलतो. चिंचा खाऊन दात आंबतात. कढत चहाने पोळलेली जीभ हुळहुळते. पाठीत उसण भरते, कमरेत चमक येते, पोटरीत गोळा येतो, पोटात मुरडा पडतो. ताप यायच्या आधी अंगात कसकस असते आणि चढताना हुडहुडी भरते.

यातला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. घसा कधी ठसठसत नाही आणि गळू कधी खवखवत नाही. इतकी बारीक निवड आपल्या आधीच्या माणसांनी केली, तीही कुठल्याही समितीविना, रोजच्या बोलण्यातून.

हे फक्त दुखण्यापुरतंच नाही. शिरशिरी, शहारा, गुदगुल्या, रोमांच हे शब्दही याच कुळातले. एका बाजूला बधिर, सुन्न, जड असे मोजके शब्द आणि त्यांच्या विरुद्ध बाजूला जाग्या अंगाचे हे इतके शब्द. आता विरुद्ध बाजू विरळ होत चालली आहे.

असं का झालं? सगळं खापर इंग्रजीवर फोडून चालणार नाही. ‘पेन’ हा शब्द वापरला म्हणून काही बिघडत नाही. एका ‘पेन’च्या पोटात वीस शब्द गडप होतात तेव्हा बिघडतं. ‘दुखतंय’ हा अस्सल मराठी शब्दसुद्धा एकटाच उरला तर तेवढाच अपुरा आहे.

खरी अडचण वेगळी आहे. हे शब्द पुस्तक वाचून येत नाहीत. गुडघा फुटलेला असताना, जखमेवर पाणी ओतता ओतता कोणीतरी म्हणावं लागतं, "चुरचुरतंय ना? थांबेल हं." जाणीव आणि शब्द एकाच क्षणी भेटले तरच शब्द अंगात मुरतो. तो क्षण आजीकडे असायचा, न्हाणीघरात असायचा, शेताच्या बांधावर असायचा. आता मूल पडलं की आपण घाईघाईने मलम लावतो, फोन हातात देतो आणि रडं थांबवतो. मलम बरोबर आहे. त्याच्यासोबतचं बोलणं तेवढं राहून जातं. एका पिढीत हे सुटलं की पुढच्या पिढीला सांगणारंच कोणी उरत नाही.

यात फक्त भाषेचं नुकसान आहे असं समजू नका. दवाखान्यात या शब्दांना मोल आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना समजून घेण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले होते. शून्य ते दहा अशा पट्टीवर दुखणं मोजलं तर ते किती आहे एवढंच कळतं. कोणत्या जातीचं आहे, ते शब्द सांगतात. ही प्रश्नावली जगभर वापरली गेली, अनेक भाषांत गेली. जे काम तिथे संशोधकांना मुद्दाम करावं लागलं, त्याचा कच्चा माल आपल्या स्वयंपाकघरांत पडून आहे.

जळजळ, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखी सणक हे शब्द ऐकले की डॉक्टरांचं लक्ष नसांकडे जातं. ठसठस म्हटलं की आत पू धरला आहे का, हे ते पाहतात. कळ येते, ओसरते, पुन्हा येते असं सांगितलं की आतडं किंवा मूतखडा त्यांच्या मनात येतो. शब्दावरून निदान होत नाही, तपासावंच लागतं. पण तपास कुठून सुरू करायचा, ते शब्दावरून ठरतं.

छातीचं उदाहरण तर जिवाशी खेळणारं आहे. हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळांना ‘दुखत’ नाहीच. दडपण येतं, जड वाटतं, कोणीतरी आवळल्यासारखं होतं. ज्याच्याकडे ‘दुखणं’ हा एकच शब्द आहे, तो "छाती दुखत नाहीये" म्हणून घरीच बसून राहतो. मधुमेहाचंही तसंच. तळपायांची आग, मुंग्या आणि मग हळूहळू येणारा बधिरपणा या वेगवेगळ्या खुणा आहेत. त्या वेगवेगळ्या सांगता आल्या तर पाय वाचवायला वेळ मिळतो.

मनाची भाषासुद्धा या शब्दांवरच उभी आहे. बोलणं झोंबतं, अपमान सलतो, एखाद्याचं यश खुपतं, हात शिवशिवतात, डोक्यात तिडीक जाते. मिरची कधी झोंबलीच नाही, त्या मुलाला झोंबलेलं बोलणं कसं कळणार? अंगाचे शब्द गेले की मनाचे शब्दही पाठोपाठ पोकळ होतात. मग राग, हेवा, अपमान, खंत या सगळ्यांसाठी ‘वाईट वाटलं’ एवढंच उरतं.

पण हताश होण्याचं कारण नाही. ठेवा शाबूत आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत काढलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’, या दोन्हींत असे शब्द भरभरून आहेत आणि दोन्ही कोश आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात. शब्द जिवंत ठेवणारी माणसंही अजून आपल्यात आहेत. मलेरियासाठीचा हिवताप हा शब्द तर आपल्या सरकारी आरोग्य खात्यानेही आजवर जपला आहे. वापरलं तर टिकतं, हे यावरून दिसतंच.

मग आपण काय करू शकतो? पुष्कळ.

आईबाबांनो, मूल रडत आलं की दोन-तीन शब्द त्याच्यापुढे ठेवा. ठणकतंय, चुरचुरतंय की नुसतं हुळहुळतंय? ते पटकन निवडतं. कोणीतरी आपलं नेमकं ऐकतंय, याचा धीरही त्याला येतो.

आजी-आजोबांनो, "आता कोण असं बोलतं" म्हणून शब्द गिळू नका. तुमच्या बोलीतलेच शब्द वापरा. वऱ्हाड, खानदेश, कोकण, मराठवाडा, प्रत्येक मुलखाची दुखण्याची भाषा निराळी आहे आणि ती सगळी आपली आहे.

डॉक्टर, नर्स आणि आशाताईंना विनंती, रुग्णाच्या तोंडचा शब्द त्याच्याच भाषेत कागदावर टिपून ठेवा. शिक्षकांनो, विरुद्धार्थी शब्द शिकवताना बधिरच्या समोर एक शब्द लिहून थांबू नका. वर्गालाच विचारा, फळा भरून जाईल. परदेशात मराठी शाळा चालवणाऱ्यांनो, मुळाक्षरांइतकीच गरज मुलांना "मला काय होतंय" हे सांगण्याची असते. आणि लिहिणाऱ्यांनो, मालिकांच्या संवादांत, कथांत, जाहिरातींत नेमका शब्द येऊ द्या. वाचक-प्रेक्षकाला तो कळेल, एवढा विश्वास ठेवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. त्या आनंदाला थोडं काम जोडूया. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, प्रत्येक घराने आणि प्रत्येक वर्गाने जाणिवांच्या शब्दांची एक यादी करावी. मोठ्यांना विचारून करावी, शब्दासमोर गावाचं नाव लिहावं आणि मराठी विक्शनरी या खुल्या ऑनलाइन कोशात नसलेले शब्द तिथे घालावेत. यादी दहा शब्दांची झाली तरी चालेल. मात्र त्या दहांतला एक तरी शब्द त्याच आठवड्यात घरात बोलला गेला पाहिजे.