नाडी आणि आलेख

परवां खोताच्या वाडींतील आमचा लांकडी जिना चढतांना छातींत धडधड होऊं लागली. वाताची नाडी सर्पाच्या, पित्ताची बेडकाच्या व कफाची हंसाच्या गतीनें चालते, असें शार्ङ्गधरसंहिता सांगते. आम्ही मनगट धरून ‘वातच’ असा निर्णय दिला आणि निजलों. सूनबाईंनीं मात्र ऐकलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं कार्डिओग्राम काढावयास लावला.

ज्या आइन्थोव्हेन यांस १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांची ही विद्या. कागदावरील मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पांचवा भाग. तीस चौकोनांतील उंच शिखरें मोजून दहानें गुणावीं. मिनिटाचे ठोके मिळतात. निरोगी आलेखांत शिखरांमधील अंतर बहुधा सारखें, व प्रत्येक शिखराआधीं वरच्या कप्प्यांचा लहानसा उंचवटा असतो. आमच्या कागदावर अंतरांस मेळ नव्हता, उंचवटाही नव्हता. ह्यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यांत कप्प्यांत रक्त साकळतें आणि गुठळी मेंदूंत गेल्यास पक्षाघात होतो. तो टाळण्यासाठीं डॉक्टरांनीं आम्हांस रक्त न साकळण्याचें औषध दिलें आहे.

शार्ङ्गधरांस आमचा नमस्कार कायम आहे. परंतु नाडी अडखळली, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वतःच वैद्य न होतां आलेख काढवावा, आणि तोही धडधड चालू असतांनाच. ती थांबल्यावर कागद पुष्कळदां निर्दोष दिसतो.