सायकलफेरी वनरक्षक भगिनींसाठी



परदेशात काही मंडळी शेकडो किलोमीटर सायकल चालवून वर्गणी गोळा करतात आणि तो पैसा जंगल राखणाऱ्या बायांसाठी देतात. २३ ते ३० जून हा आठवडा जगात महिला वनरक्षकांचा म्हणून पाळला जातो. आपल्या मेळघाटातही बीट सांभाळणाऱ्या पोरी आहेत. त्यांच्यासाठी वऱ्हाडातही अशी फेरी निघावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही म्हणाल, "साहेब, रोही-रानडुकरं आमचं पीक खातात, अन् वर्गणीही आम्हीच द्यायची काय?" हा राग खोटा नाही. पंचनाम्याला मीही बांधावर उभा असतो. मोडलेली तूर मलाही दिसते. पण भरपाईचे दर त्या वनरक्षक बाईने ठरवलेले नसतात. शिव्या मात्र तीच खाते.

आता पाण्याचे बघा. वान, शहानूर, सपन, चंद्रभागा या नद्या मेळघाटच्या डोंगरातून उतरून पूर्णेकडे येतात. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या कितीतरी गावांच्या नळाला गोडे पाणी येते ते या डोंगराखालच्या धरणांतून. डोंगर जळून उघडा पडला की माती धरणात उतरणार. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. तेव्हा जाळरेषा राखणे, आग झोडपणे, पायी गस्त घालणे यातले काहीही बाई म्हणून तिला माफ नसते.

धोकाही खराच. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्याच वर्षी २५ मार्चला हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी वरिष्ठांच्या जाचाबद्दल पत्र लिहून जीवन संपवले. म्हणजे भीती फक्त वाघाची नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की समजून घ्या. वर्गणीतून बूट, रेनकोट, विजेरी, कुटीवर न्हाणीघर होईल. पण पगार, राहायला घर आणि तक्रारीची दाद ही सरकारची जबाबदारी आहे. ती वर्गणीवर ढकलू देऊ नका.

फेरी जूनमध्ये मात्र नको. तेव्हा आपण पेरणीत असतो. जानेवारीअखेर तूर घरात आली आणि वणव्याचा हंगाम लागायचा असला, की अमरावतीहून परतवाडा, अंजनगाव, अकोट करत पोपटखेडपर्यंत जावे. डोंगर सोबतीला राहतो, वाटेत गावेही लागतात. काय हवे ते आधी त्या भगिनींनाच विचारावे आणि जमा-खर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा.

सरपंच, पोलीस पाटील यांना शेवटची विनंती. सायकल नाही चालवली तरी चालेल. पण लाकूडचोर आपल्याच गावचा निघाला, तर साक्षीला तिच्या बाजूने उभे राहा. त्याला एक पैसाही लागत नाही.