सुएझचा धडा

नासर यांनी राष्ट्रीयीकृत केलेला सुएझ कालवा परत घ्यायला निघालेल्या ब्रिटिश-फ्रेंच फौजा नोव्हेंबर १९५६ मध्ये सरशीत होत्या. हरत होता तो पौंड. लंडनची डॉलरची गंगाजळी आटत चालली होती, आणि शस्त्रसंधीवाचून नाणेनिधीचे कर्ज मिळू देणार नाही, असे अमेरिकेने बजावले. एकही गोळी न झाडता तिने मित्राला माघार घ्यायला लावली. हे बळ १९४४ साली ब्रेटन वुड्सला आखलेल्या व्यवस्थेतून आले होते. नाणेनिधीतील मोठ्या निर्णयांना आजही ८५ टक्के मते लागतात. अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत. सुएझमध्ये हे बळ आक्रमकांविरुद्ध वापरले गेले, म्हणून ते न्याय्य भासते. परंतु नकाराधिकार एकाच्याच हाती असेल, तर दुर्बळांच्या वाट्याला येणारा न्याय ही मेहेरबानीच ठरते.