परवाना मागायचा, तर नेमही शिकावा लागेल



वाशीम जिल्ह्यात ज्वारीचे वावर आता शोधावे लागते. सोयाबीनने ज्वारी हटवली, हे खरे. पण अर्धेच खरे. ज्याच्या दावणीला बैल आहेत, ज्याला कडबा हवा आहे, तोही आज ज्वारी पेरायला धजत नाही. दाण्यावर आलेले पीक रानडुकरांचा कळप एका रात्रीत आडवे करतो. रोही तुरीचे शेंडे खातात, हरभरा खातात, कोवळी पऱ्हाटी खातात त्याहून जास्त तुडवतात. बियाणे, खत, फवारणी यांचा हिशेब सगळे मांडतात. थंडीत रात्र रात्र जागल करणाऱ्या माणसाची मजुरी कोणत्या उत्पादनखर्चात धरली आहे?

यावर बैठकीत एकच आवाज उठतो: गोळी घालू द्या. मागणी रास्त आहे. पण ती करण्यापूर्वी दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. कायदा काय देतो, आणि बंदूक हातात आल्यावर आपण काय करणार?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली दुरुस्ती झाली आणि हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. पण कलम 11 शिल्लक आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका असेल, तर लेखी परवान्याने जनावर मारता येते. 2022 च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांना हे कलम लागू होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली या दोन जनावरांसाठी परवान्याची पद्धतही ठरवून दिली. मारलेले जनावर सरकारचे. त्याचे मटण वाटून घेणे हा गुन्हाच. आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात रोहीचे पिल्लू आणि काळविटाची मादी यांत चूक करणाऱ्याने चापाला बोटच लावू नये.

म्हणजे कायद्याचे दार बंद नाही, किलकिले आहे. ते पूर्ण उघडायचे, तर समोरचा पहिला प्रश्न हाच विचारणार: तुमच्या गावात नेम येतो कोणाला?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. 2025 च्या जानेवारीअखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात काही गावकरी चोरून रानडुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल दिसली, बार निघाला आणि आपलाच सोबती मेला. आपल्याकडे तर पऱ्हाटीच्या दोन ओळींत कोण वाकले आहे, हे धुऱ्यावरून दिसत नाही. पहाटे बाया वेचणीला येतात, शेजारच्या वावरात कोणी जागलीला झोपलेला असतो. .22 ची बारीक गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते; .315 ची त्याहून पुढे. गोळीला सातबारा कळत नाही.

म्हणून नेमाच्या आधी जागा आणि जागेच्या आधी बैठक ठरवावी लागते. बंदूक धरण्याच्या चार बैठका आहेत: पालथे झोपून, बसून, गुडघा टेकून आणि उभ्याने.

झोपून नेम सर्वात स्थिर. पण तो मैदानावर. आपल्या पिकात झोपल्यावर समोर तुरीची खोडे दिसतात, जनावर दिसत नाही. शिवाय गोळी जमिनीला समांतर सुटते आणि चुकली तर दूरवर जाते. ही बैठक सरावाला चांगली, वावरात धोक्याची.

कोरडवाहू शेतकऱ्यासाठी सर्वात उपयोगी बैठक म्हणजे मचाणावर बसून, नळी टेकवून. वरून खाली मारलेली गोळी जनावराच्या मागे मातीत जिरते. मातीचा बांध हाच गोळीचा खरा लगाम. टेकू कठड्याचा असेल, तर त्यावर घडी केलेले पोते ठेवावे. कडक लाकडावर नळी उसळते. मचाण नसेल, तर उंच धुऱ्यावर बसावे, पाय फाकवून टाचा मातीत रोवाव्या आणि कोपरांची मऊ बाजू गुडघ्यांच्या आत टेकवावी. हाडावर हाड ठेवले की नेम डगमगतो.

पीक कमरेएवढे असेल, तर गुडघा टेकून. उजव्या हाताच्या माणसाने उजवा गुडघा जमिनीवर टेकवावा, त्याच टाचेवर बसावे आणि डावे कोपर डाव्या गुडघ्याच्या जरा पुढे ठेवावे. उभ्याने मारणे सर्वात अवघड. ते करायचेच, तर दोन काठ्या वरून बांधून केलेल्या कैचीत बंदूक टेकवूनच. पळत्या जनावरावर उभ्याने बार टाकणे ही मर्दुमकी नाही. जखमी डुक्कर पऱ्हाटीत शिरते आणि सकाळी वेचणाऱ्या बाईवर धावते.

अंतराचेही तसेच. बारा बोअरचे मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरपुढे फाकतात आणि नुसते जखमी करतात. तेवढ्या अंतराची खूण दिवसाच काठी रोवून करावी. जनावर आडवे उभे असेल, पुढच्या पायामागे छातीचा खालचा भाग स्पष्ट दिसत असेल आणि मागे माती असेल, तरच चाप दाबावा. यातली एक गोष्ट कमी असेल, तर जनावर जाऊ द्यावे.

सराव घरीही होतो. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावी, नळीत नकली काडतूस घालावे. बैठक घेऊन डोळे मिटावे, श्वास सोडावा, डोळे उघडावे. नेम खुणेवरून सरकला असेल, तर हाताने ओढू नये, बसण्याची जागाच फिरवावी. अर्धा श्वास सोडून थांबावे आणि चाप हळू दाबावा. नळीवर ठेवलेले नाणे पडता कामा नये. रोज दहा मिनिटे, महिनाभर. खरा बार मात्र मान्यताप्राप्त मैदानावरच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसला ऑलिम्पिकचे कांस्यपदक घेऊन आला, ते 50 मीटर रायफलच्या तीन बैठकांत: गुडघा टेकून, झोपून आणि उभ्याने. खेड्यातल्या पोराला नेम येत नाही, असे कोणी म्हणू नये. मैदान आणि शिकवणारा मिळाला पाहिजे, एवढेच.

तेव्हा मागणी नेमकी करू या. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना नावानिशी लिहिलेला आहे. तो अर्ज महिनोन्‌महिने पडून राहता कामा नये. परवानाधारक शेतकऱ्यांना जिल्ह्यातल्या पोलिसांच्या गोळीबार मैदानावर वर्षातून दोनदा सराव आणि त्यासाठी काडतुसे मिळाली पाहिजेत. केरळने 2022 साली रानडुकराबाबतचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला; महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतीला तो का देता येऊ नये? बिहारमध्ये 2016 साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले गेले. गावाबाहेरचा नेमबाज मारून निघून जातो. पुढच्या हंगामात नवा कळप येतो तेव्हा वावरात आपणच असतो.

आणि आपल्या बाजूने शिस्त. प्रत्येक गावाने परवाना असलेले तीन-चार शांत डोक्याचे लोक निवडावेत. पिणारा नको, फुशारकी मारणारा नको. मचाणाच्या जागा आणि गोळी कोणत्या बाजूला जाऊ द्यायची, हे ग्रामसभेत ठरावे. त्या रात्री बाकीची जागल बंद, हे दवंडी देऊन सांगावे. आणि धुऱ्यावरच्या तारेत वीज सोडणे आजपासून थांबले पाहिजे. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचे पोर यांतला फरक कळत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने या तीन-चार जणांची नावे आणि रखडलेल्या अर्जांच्या पोचपावत्या सोबत आणाव्यात. नुसती घोषणा घेऊन येऊ नये.